ओफ्रेंदावरची तसबीर

ऑक्टोबर संपत आला की मेक्सिकोतल्या घराघरांत एक टेबल रिकामे केले जाते. त्यावर भरतकाम केलेले कापड अंथरतात, झेंडूच्या फुलांची कमान उभारतात, मेणबत्त्या लावतात, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप करतात. पाण्याचा पेला, मीठ, फळे, या दिवसांसाठी भाजलेला गोड पाव आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे जेवण, असे सगळे मांडून होते. या मांडणीला ओफ्रेंदा म्हणतात. तिच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेच्या रेषेत, एक तसबीर असते. कधी एक, कधी दहा-बारा.

ओफ्रेंदावर बाकी जे काही असते ते सगळ्या घरांत थोड्याफार फरकाने सारखेच असते. तसबीर मात्र त्या घराची स्वतःची असते. हे पाणी कोणाची तहान भागवण्यासाठी, ही मिरचीची चटणी कोणाला आवडायची, हे तिच्यामुळे कळते. मेक्सिकोत माणसाचा फोटो काढण्याची कला आणि मृतांची आठवण ठेवण्याची रीत गेली पावणेदोनशे वर्षे एकमेकींना घडवत आल्या आहेत. साध्या माणसाच्या चेहऱ्याला किती मान द्यावा, हे त्या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

दोन दिवसांचे पाहुणे

'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस, प्रत्यक्षात दोन दिवसांचा असतो. 1 नोव्हेंबर हा लहानपणी गेलेल्या मुलांचा आणि 2 नोव्हेंबर मोठ्यांचा. या दिवसांत आपली माणसे घरी येतात, अशी श्रद्धा आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तिथल्या समाजांमध्ये मृतांना अन्न वाहण्याच्या रीती होत्या, आणि कॅथलिक चर्चच्या पंचांगात सर्व संतांचा व सर्व मृतांचा असे दोन दिवस होते. त्या दोन्हींच्या मिलाफातून हा सण आजच्या रूपाला आला. युनेस्कोने 2003 मध्ये त्याचा गौरव केला आणि 2008 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला.

मिचोआकान राज्यात पात्झक्वारो सरोवरातल्या हानित्झियो बेटावर पुरेपेचा समाजाची कुटुंबे रात्रभर थडग्यांपाशी मेणबत्त्या लावून बसतात. मेक्सिको शहराच्या दक्षिण टोकाला मिस्किक गावातले सगळे स्मशान उजळून निघते. फोटोला सर्वांत वेगळी जागा मात्र पुएब्ला राज्यातल्या वाकेचुला गावात मिळते. ज्या घरात त्या वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरी पांढऱ्या सॅटिनच्या कापडाची मजल्यांवर मजले चढवलेली, छताला टेकणारी वेदी उभारतात आणि दार सगळ्यांसाठी उघडे ठेवतात. येणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. वेदीच्या तळाच्या पायरीवर मृताचा फोटो असतो, पण तो आपल्याकडे पाठ करून ठेवलेला. समोर आरसा असतो आणि चेहरा दिसतो तो त्या आरशात. गेलेल्याचे आता फक्त प्रतिबिंबच पाहता येते, इतका खोल विचार त्या गावाने एका साध्या आरशातून मांडून दाखवला आहे.

फोटो निवडण्याचेही संकेत आहेत. फोटोत मृताबरोबर एखादे जिवंत माणूस असेल, तर तो ओफ्रेंदावर ठेवू नये, असे पुष्कळ घरांत मानतात. त्यामुळे लग्नातल्या किंवा वाढदिवसाच्या फोटोतून एकच चेहरा कापून, मोठा करून घेतला जातो. अशा वेळी लक्षात येते की या माणसाचा एकट्याचा, नीट काढलेला फोटोच घरात नाही.

कॅमेऱ्याच्या आधी आणि कॅमेरा आल्यावर

मृताचे चित्र करून ठेवण्याची पद्धत मेक्सिकोत कॅमेऱ्याहून जुनी आहे. स्पॅनिश राजवटीत, विशेषतः अठराव्या शतकात, मठातल्या जोगिणींची चित्रे काढली जात. डोक्यावर फुलांचा मोठा मुकुट घातलेली जोगीण पहिल्यांदा चितारली जाई ती तिने दीक्षा घेतली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तिच्या मृत्यूनंतर. श्रीमंत घरांत वारलेल्या लहान मुलांचीही चित्रे करवून घेत. हा मान अर्थातच पैसेवाल्यांपुरता होता.

1839 च्या डिसेंबरात फ्रान्समधून निघालेला दागेरोटाइप कॅमेरा वेराक्रुझ बंदरात उतरला. पॅरिसमध्ये या शोधाची पद्धत जाहीर होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सुरुवातीला चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरची ती एकुलती एक प्रतिमा महागडीच होती. पुढे काचेची निगेटिव्ह आणि कागदावरच्या प्रती आल्या, हातात मावेल एवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो निघू लागले आणि स्टुडिओची पायरी चढणे मध्यम वर्गाला, नंतर कष्टकऱ्यांनाही परवडू लागले.

त्या काळात लहान मुले फार मरत. कित्येक मुलांचा एकही फोटो निघालेला नसे. मग मूल गेल्यावर फोटोग्राफरला बोलावणे धाडले जाई, किंवा आईबापच मुलाला उचलून स्टुडिओत घेऊन जात. बाप्तिस्मा झालेले निष्पाप मूल थेट स्वर्गात जाते आणि देवदूत होते, ही श्रद्धा होती. म्हणून अशा मुलाला 'आंजेलितो', छोटा देवदूत, म्हणत. त्याचे धर्म-आईबाप त्याला संताचा किंवा मेरीचा पोशाख घालत, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट ठेवत, हातात ताडाची फांदी देत. फोटोत आईबाप त्याला मांडीवर घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे पाहत बसलेले दिसतात. रडणे नाही, कारण रडले तर मुलाची स्वर्गाची वाट ओली होते, असे मानत.

हालिस्को राज्यातल्या आमेका या छोट्या गावात हुआन दे दियोस माचाइन नावाच्या फोटोग्राफरने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी पुष्कळ छायाचित्रे काढली. 1992 मध्ये 'आर्तेस दे मेहिको' या नियतकालिकाने या परंपरेवर एक संपूर्ण अंक काढला, तेव्हा ती देशासमोर आली. ती छायाचित्रे पाहताना आजच्या माणसाचा जीव गलबलतो. पण त्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. हे मूल होते, आमचे होते, आम्ही त्याला नटवून निरोप दिला, एवढे सांगणारा जगातला तो एकमेव पुरावा होता. चित्रकार फ्रिदा काहलोने 1937 मध्ये दिमास रोसास या मृत बालकाचे चित्र रंगवले ते याच परंपरेतून. फ्रिदाचे वडील गियेर्मो काहलो स्वतः व्यावसायिक फोटोग्राफर होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

खाणकामगार आणि रंगवलेला पडदा

जिवंत माणसांच्या व्यक्तिचित्रांबद्दल बोलायचे तर ग्वानाहुआतो या चांदीच्या खाणींच्या शहरातल्या रोमुआल्दो गार्सिया (1852–1930) यांचे नाव आधी घ्यावे लागते. 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना कांस्यपदक मिळाले होते. पण त्यांचे मोठेपण पदकात नाही, त्यांच्या स्टुडिओत आलेल्या माणसांत आहे. शहरातले धनिक आले, पाद्री आले, तसे खाणकामगार, मोलकरणी, खेड्यातून शनिवार-रविवारी आलेली शेतकरी कुटुंबेही आली. सगळ्यांमागे तोच महालाचा किंवा बागेचा रंगवलेला पडदा, तीच नक्षीची खुर्ची, तोच वरून झिरपणारा मऊ प्रकाश. पायात वहाणा आणि खांद्यावर घोंगडीसारखा सारापे घेतलेला माणूस तिथे जमीनदाराच्या इतक्याच ताठ मानेने उभा दिसतो.

1905 च्या जुलैत शहरात मोठा पूर आला आणि गार्सियांच्या संग्रहातल्या बहुतेक जुन्या काचेच्या निगेटिव्ह वाहून गेल्या. पुरानंतरच्या कामातून जे उरले ते आज आलोंदिगा दे ग्रानादितास या ऐतिहासिक वास्तूतल्या संग्रहालयात आहे. चेहरे आहेत, पण अनेकांची नावे नाहीत. स्टुडिओत आलेल्या माणसाला आपले नाव पाठीमागे लिहून ठेवायला हवे, असे वाटले नसावे. घरातले सगळे त्याला ओळखतच होते.

नाव नसलेल्या चेहऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेक्सिकन क्रांतीतले आहे. 1912 मध्ये काढलेल्या एका फोटोत एक बाई आगगाडीच्या डब्याच्या पायरीवरून, दांडे धरून, वाकून पुढे पाहते आहे. क्रांतीत सैन्याबरोबर फिरलेल्या सगळ्या स्त्रियांचे ती प्रतीक झाली. हा फोटो वर्षानुवर्षे आगुस्तिन व्हिक्तोर कासासोला यांचा म्हणून छापला गेला, कारण तो त्यांच्या वृत्तचित्र संस्थेच्या संग्रहात होता. तो काढणारे हेरोनिमो एर्नांदेस होते, हे बऱ्याच उशिरा अभ्यासकांनी दाखवून दिले. 1976 मध्ये सरकारने कासासोला संग्रह विकत घेतला आणि तो पाचुका शहरातल्या राष्ट्रीय छायाचित्र संग्रहालयाचा पाया ठरला. छायाचित्रकाराला त्याचे श्रेय मिळाले, पण त्या बाईचे नाव फोटोसोबत आले नाही.

लाकडात कोरलेला फोटो

विसाव्या शतकात मेक्सिको शहरातल्या कारागिरांनी फोटोला आणखी एक रूप दिले, त्याला 'फोटोएस्कुल्तुरा' म्हणतात. फिरते विक्रेते गावोगाव, अगदी सीमेपलीकडे अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांपर्यंत जात आणि घरातला जुना फोटो मागून घेत. शहरातल्या कारखान्यात तो मोठा केला जाई. चेहरा आणि खांद्यांच्या आकाराचे लाकूड कोरून त्यावर तो चिकटवत, मग कपडे, केस, दागिने यांना उठाव देऊन हाताने रंगवत. शेवटी हा अर्धपुतळा कोरीव चौकटीत, काचेआड बसे. लग्नाचे जोडपे, सैन्यात गेलेला मुलगा, वारलेली आजी, अशा सगळ्यांच्या फोटोएस्कुल्तुरा घराच्या दर्शनी भागात असत. ब्रुनो एस्लावा हे या कलेचे नामांकित आणि शेवटच्या काही कारागिरांपैकी एक. 1980 च्या दशकापर्यंत ही कला जवळपास संपली. सपाट कागदावरच्या माणसाला थोडे तरी अंग यावे, ही त्यामागची ओढ होती.

कॅमेऱ्यामागची नजर

मेक्सिकोतल्या आधुनिक छायाचित्रणाने ही स्मरणाची परंपरा कलेच्या पातळीवर नेली. मानुएल आल्वारेस ब्राव्हो (1902–2002) यांनी 1933 मध्ये मृतांच्या दिवशी साखरेची कवटी हाती धरलेल्या एका स्त्रीचा फोटो काढला. मृत्यू तिच्या हातात मिठाई होऊन बसला आहे आणि ती शांत आहे. त्यांच्या शिष्या ग्रासिएला इतुर्बिदे (जन्म 1942) यांच्यासाठी हा विषय फार जवळचा ठरला. 1970 मध्ये त्यांची सहा वर्षांची मुलगी क्लाउदिया वारली. त्यानंतर त्या गावोगावच्या आंजेलितोंचे फोटो काढत राहिल्या. एकदा दोलोरेस इदाल्गो गावात एका कुटुंबाबरोबर मुलाच्या दफनाला जाताना स्मशानाच्या वाटेवर त्यांना उघड्यावर पडलेला, अर्धा सांगाडा झालेला मृतदेह दिसला. पक्ष्यांनी तो टोचलेला होता. त्या दिवसानंतर त्यांनी मृत मुलांचे फोटो काढणे थांबवले आणि पक्षी त्यांच्या छायाचित्रांत पुन्हा पुन्हा येऊ लागले. 

1979 मध्ये चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांच्या आमंत्रणावरून त्या वाहाका राज्यातल्या हुचितान गावी गेल्या. तिथल्या बाजारात डोक्यावर घोरपडीसारख्या जिवंत इग्वाना घेऊन विकायला निघालेल्या सोबेइदा दियास यांचा त्यांनी काढलेला फोटो आज जगभर ओळखला जातो. हुचितानच्या लोकांनी तो इतका आपला मानला की गावात त्यावरून पुतळा उभा राहिला. इतुर्बिदे गावात बायकांच्या घरी राहत, बाजारात त्यांच्याबरोबर बसत. त्या फोटोतला आब त्या सहवासातून आला आहे. 2008 मध्ये त्यांना हासेलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यांनी भारतातही काम केले आहे. रघू राय आणि सेबास्तियाओ साल्गादो यांच्यासोबतचे भारत आणि मेक्सिको यांच्यावरचे त्यांचे संयुक्त पुस्तक 2002 मध्ये निघाले.

फोटो कोण काढते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 1946 मध्ये छायाचित्रकार लोला आल्वारेस ब्राव्हो यांनी वाहाकाच्या डोंगरातल्या यालालाग गावी एका अंत्ययात्रेचा फोटो काढला. पांढऱ्या शालींनी डोके झाकलेल्या बायका पाठमोऱ्या चालल्या आहेत. चित्र अप्रतिम आहे, पण ते बाहेरून आलेल्या व्यक्तीने मागून पाहिलेले आहे. आता त्याच यालालागची लेक असलेली सित्लाली फाबियान आपल्या समाजातल्या माणसांची व्यक्तिचित्रे काढते. त्यातल्या एका मालिकेत तिने काचेवर ओले रसायन ओतण्याची एकोणिसाव्या शतकातली पद्धत वापरली आहे. तिच्या फोटोंत यालालागच्या बायका आपल्याकडे तोंड करून, सरळ डोळ्यांत पाहतात.

कात्रिनाचा चेहरा

आज मेक्सिकन वारशाचा फोटो म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अर्धा चेहरा कवटीसारखा रंगवलेली, डोक्यावर झेंडूचा मुकुट घातलेली तरुणी येते. ही कात्रिना. तिचे मूळ खोदचित्र होसे ग्वादालुपे पोसादा (1852–1913) यांनी आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत केले. आपले मूळ लपवून युरोपीय थाट करणाऱ्यांवर ती टीका होती, आणि तिला होती फक्त कवटी आणि पिसांची भारी टोपी. 1947 मध्ये चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या आलामेदा बागेच्या भित्तिचित्रात तिला पायघोळ पोशाख दिला आणि शेजारी पोसादालाही उभे केले.

पुढे 2015 च्या 'स्पेक्टर' या जेम्स बाँडपटात मेक्सिको शहरात मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक दाखवली गेली. तशी मिरवणूक तिथे निघत नसे. चित्रपट पाहून 2016 पासून ती खरोखर निघू लागली. 2013 मध्ये डिस्ने कंपनीने या सणाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला तेव्हा लोक संतापले आणि कंपनीला अर्ज मागे घ्यावा लागला. 2017 मध्ये आलेल्या 'कोको' या चित्रपटात ज्याचा फोटो ओफ्रेंदावर नाही त्याला घरी येता येत नाही, असा नियम आहे. तो कथेने रचलेला नियम असला, तरी मेक्सिकन प्रेक्षकांना तो पटला, कारण फोटोचे महत्त्व त्यांच्या घरात आधीपासून होते.

रंगवलेल्या चेहऱ्याचे फोटो काढण्यात गैर काही नाही. त्यात आनंद आहे, अभिमान आहे, सीमेपलीकडे वाढलेल्या मुलांना आपल्या मुळांकडे वळण्याची वाट आहे. पण तो फोटो कोणाचीही आठवण ठेवत नाही, कारण त्या रंगाखाली सगळे चेहरे सारखे होतात. म्हणून ही परंपरा नीट समजलेले फोटोग्राफर नातीला आजीचा रेबोसो, म्हणजे विणलेली ओढणी, पांघरायला लावतात आणि आजीची चौकटीतली तसबीर हातात देतात. अशा एका फोटोत दोन पिढ्या नावानिशी येतात.

जी तसबीर ओफ्रेंदावर ठेवत नाहीत

मेक्सिकोत काही घरे अशी आहेत जिथे फोटो आहे, पण तो ओफ्रेंदावर ठेवायला आई तयार नाही. तिचा मुलगा बेपत्ता आहे. सरकारी नोंदीनुसार मेक्सिकोतल्या बेपत्ता माणसांची संख्या मे 2022 मध्ये 1,00,000 च्या वर गेली. 26 सप्टेंबर 2014 च्या रात्री आयोत्सिनापाच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे 43 विद्यार्थी नाहीसे झाले, तेव्हापासून त्यांचे आईबाप मुलांचे मोठे केलेले फोटो छातीशी धरून मोर्चे काढत आहेत. ओफ्रेंदावर फोटो ठेवणे म्हणजे मूल मेले, हे मान्य करणे. म्हणून तो फोटो रस्त्यावर येतो, फलकावर येतो. 2022 मध्ये राजधानीच्या रेफोर्मा मार्गावरचा एक मोठा चौक कुटुंबांनी अशा फोटोंनी भरून टाकला आणि त्याला बेपत्ता माणसांचे नाव दिले. ओळखपत्राचा लहानसा चौकोन, शाळेतला फोटो, वाढदिवसाचा फोटो. तो जिथे ठेवला जातो त्यावरून त्याचा अर्थ ठरतो.

फुलांची वाट आणि आपण

या सगळ्याशी आपला एक खरा धागा आहे. ओफ्रेंदावरची आणि थडग्यापासून घरापर्यंत पाकळ्यांची वाट आखणारी ती केशरी फुले म्हणजे आपला झेंडूच. ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्यानंतर ती जगभर गेली आणि आपल्याकडे इतकी रुजली की झेंडूच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही. गोव्यातली कॅथलिक कुटुंबेही 2 नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. तारीख तीच, चर्चचे पंचांगही तेच.

आणि आपल्या घरांतही हार घातलेल्या तसबिरी आहेत. मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून असतानाही, माणूस गेल्यावर तसबिरीसाठी एक नीट फोटो सापडत नाही आणि आधारकार्डावरचा किंवा लग्नाच्या गर्दीतला चेहरा मोठा करून घ्यावा लागतो. हा प्रसंग टाळणे आपल्या हातात आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना या आठवड्यात खिडकीशेजारी, उजेडात, त्यांच्या आवडत्या कपड्यांत बसवा आणि त्यांचा एकट्याचा फोटो सावकाश काढा. त्यांना घाई करू नका, दोन गोष्टी बोलू द्या. तो कागदावर छापून घ्या आणि पाठीमागे पेन्सिलने पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. जुन्या पेटीतले फोटो बाहेर काढून त्यातल्या चेहऱ्यांची नावेही, सांगणारे माणूस घरात आहे तोवरच, लिहून घ्या.